पेशंटचं तोंड उघडं, डॉक्टरचं बंद

रत्नागिरी, चिपळूण, कणकवली, कुठेही दातांचा दवाखाना काढत असाल तर अभिनंदन! पेशंट तयारच आहेत. मशेरी आहे, तंबाखू आहे, शिवाय दाढ ठणकली तरी लवंग धरून आंबे उतरेपर्यंत कळ काढायची आमची खोडही आहे. आता धंदा वाढवायचा कसा, ते ऐका.

वेळ सगळ्यांना दहाची द्या. राजापूर तालुक्यातून पहाटेची एस.टी. धरून आलेली म्हातारी आणि शेजारच्या गल्लीतला बँकवाला, दोघंही दहाला. स्वतः अकराला या. रिसेप्शनवरच्या मुलीला एकच वाक्य शिकवा, "सर येतायत."

गणपतीला चाकरमानी आले की गाववाल्यांना दिवाळीनंतरची तारीख.

खर्च आधी सांगायचा नाही. आतली कुजकी नस काढून पोखरलेली दाढ चावताना फुटू शकते, म्हणून वर कॅप बसवावी लागते, हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. सांगायचं मात्र रूट कॅनॉल उरकल्यावर, मापाचा लगदा तोंडात कोंबून. "मेटलची की झिरकोनियाची?" पेशंट "आँ आँ" करतो. झिरकोनिया, म्हणजे ती पांढरी महागडी, लिहा.

जाताना क्यूआर कोड पुढे करा. पाच स्टार.

भूल दिल्यावर तर अवाक्षर काढू नका. गेल्या आठवड्यात आमच्या आईच्या खालच्या दाढेचं रूट कॅनॉल होतं. तिला साखर. वेळ दहाची, आत घेतलं एक वाजता, मला बाहेरच बसवलं. बाहेर आली ती भुकेने थरथरत. स्टँडवर बटाटावडा घेतला. अर्धा जबडा बधिर, तिला कळेना आपण वडा चावतोय की ओठ. पदराला रक्त लागलं तेव्हा म्हणते, "दात काढलान नाय ना रे? मग रगात कुठलं?" फोन केला, तर पलीकडून उत्तर, "होतं असं कधीकधी. भरेल."

भरेल! साखरवाल्या बाईची जखम किती लवकर भरते, ते तुम्ही शिकलाय की मी? खालच्या जबड्याची भूल उतरायला तीन ते पाच तास लागतात, तोवर चावून खाऊ नका, कढत चहा पिऊ नका, एवढं बोलायला किती वेळ लागतो हो? चावलेला ओठ आमचाच असतो ना? साखर आहे का, रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे का, हेही कुणी विचारलं नाही. कार्डावर नाव, वय आणि ॲडव्हान्स, बस!

अहो डॉक्टर, पैसे आम्ही देतो. आंबे विकून देतो, पण देतो. किती वेळा यावं लागेल, एकूण किती खर्च, कॅप धरून किती, घरी गेल्यावर काय खायचं नाही, हे खुर्चीत बसवण्याआधी मराठीत सांगा. कागदावर लिहून द्या. आणि साखरवाल्या माणसाला उपाशी ताटकळवू नका, त्याला पहिला नंबर द्या.

पुढच्या मंगळवारी आईला आणतोय. वेळ दहाची दिलीये तुम्ही. दहाला या.