प्रतिक्रियेला उत्तर : मेरीचा निळा झगा का उडाला?

तुमचे आक्षेप दोन. ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर रंगवायच्या ‘फ्रेस्को’ तंत्रावरच्या माझ्या लेखात रंग पक्का बसतो असं म्हटलंय, मग इटलीतल्या पादुआच्या स्क्रोवेन्यी चॅपेलमध्ये (सुमारे 1305) चित्रकार जोत्तोने रंगवलेल्या मेरीच्या (येशूच्या आईच्या) झग्याचा निळा जागोजागी का उडाला? आणि हेच तंत्र अजिंठ्यात आधीपासून असताना इटलीचं कौतुक कशाला?

तो निळा ओल्या गिलाव्यावर लावलेलाच नव्हता. अस्सल फ्रेस्कोत रंग नुसत्या पाण्यात कालवून ताज्या गिलाव्यावर लावतात. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो, पृष्ठभागावर कॅल्शियम कार्बोनेटची साय धरते आणि रंगाचे कण तिच्यात अडकतात. गेरू, पिवळी माती, हिरवी माती यांना हे मानवतं. अझुराइट या निळ्या खनिज रंगाला नाही. तो बारीक वाटला की फिका पडतो, जाडसर ठेवला तर कण सायीत पुरेसे धरत नाहीत. म्हणून 1400च्या सुमारास चित्रकलेच्या तंत्रावर लिहिणारा इटालियन चित्रकार चेन्नीनो चेन्नीनी सांगतो : झग्याखाली ओल्यावर दोन भाग तांबडी माती नि एक भाग काळा लावा, भिंत वाळली की वर सरसात कालवलेला अझुराइट. त्यात अंड्याचा बलकही घाला, आणि निळा फिका असला तर तो गावरान अंड्याचा, कारण तो जास्त तांबडा! दमट भिंतीवर हा सरस सुटतो आणि निळा पापुद्र्यांनी गळतो. खालचा ओल्यावरचा रंग मात्र तसाच राहतो.

ओल्यावरच्या कामाची खूण भिंतीवरच सापडते. एका दिवसात रंगवून होईल तेवढाच गिलावा लावायचा, उरलेला कडेने तिरका कापून टाकायचा. तिरप्या उजेडात हे सांधे दिसतात आणि कुठला तुकडा कुठल्यावर चढलाय यावरून कामाचा क्रम कळतो. फ्लोरेन्सच्या ब्रांकाची चॅपेलमधल्या चित्रकार मासाच्चोच्या ‘खंडणीचं नाणं’ या भित्तिचित्रात असे सुमारे 32 दिवस मोजले गेलेत. चेहरा चुकला तर तेवढा गिलावा खरवडून नव्याने लावण्यावाचून गत्यंतर नसे. कोरड्यावर डागडुजी करता येई, पण ती टिकत नसे.

आता अजिंठा. तिथे तंतू आणि भुसा मिसळलेल्या मातीच्या लिंपणावर चुन्याचा पातळ हात आहे, आणि रंग डिंक-सरसासारख्या बांधणाऱ्या द्रव्यात कालवून सुक्या पृष्ठभागावर लावलेत. कसब कमी नाही, तंत्र वेगळं आहे. तुलना करायचीच तर मासाच्चोच्या ओल्या गिलाव्याशी नको, जोत्तोच्या त्या उडालेल्या निळ्याशी करा.