लेख द्या, नाव देऊ!

"सर, आमच्या व्यावसायिक संघटनेसाठी एक छोटासा लेख द्याल? सवडीने." सवडीने म्हणजे परवा. छोटासा म्हणजे १,५०० शब्द. आणि मानधन? छे हो, "तुमचं नाव होईल ना!" नाव घेऊन वीजबिल भरता येतं का?

बरं, लिहिला. मग सूचना सुरू. "जरा सोपं करा." केलं. "आता उथळ वाटतंय." अहो, ठरवा ना एकदा काय ते! माझ्याच एका फसलेल्या कामाचा किस्सा होता, सगळा जीव त्यातच होता. तर म्हणे, "नकारात्मक संदेश जातो." उडवला. त्या जागी काय आलं? "आजच्या वेगवान युगात..." माझ्या नावाखाली! झोपेतसुद्धा मी असं वाक्य लिहिणार नाही. शीर्षक झालं 'यशाचे ७ मंत्र'. लेखात मुद्दे तीन. उरलेले चार कुठून आणले, देव जाणे.

मग तीन महिने चिडीचूप. विचारलं तर "रांगेत आहे." दुसरीकडे देऊ का? नाही नाही, लेख अप्रकाशितच हवा! म्हणजे दमडी नाही, पण हक्क तुमचे?

शेवटी आला एकदाचा. परिचय ५० शब्दांत बसवायला मी तासभर घाम गाळलेला, त्यात आडनावच चुकलेलं. फोटो मोठ्ठा मागितला, छापला टिकलीएवढा. वर मलाच फर्मान, "तुमच्या ओळखीत सगळ्यांना पाठवा हं."

आज सकाळी मेसेज : "सर, पुढचा लेख कधी?"