आरसा डावे-उजवे बदलत नाही

“आपले डोळे आडव्या रेषेत असल्यामुळे आरशात डावे-उजवे बदलते, वर-खाली बदलत नाही, आरशात पाय दिसत नसतील तर मागे सरकावे, आणि पाण्याचा पृष्ठभागही आरसाच असल्याने त्यात बुडवलेली काठी वाकडी दिसते,” असा एक संदेश मोठ्या विश्वासाने पुढे पाठवला जातो. त्यातील एकही स्पष्टीकरण टिकत नाही.

डोळ्यांचे कारण एक डोळा मिटताच निकालात निघते, कारण प्रतिमेत काहीच बदल होत नाही. मुळात ज्या घटनेचे कारण शोधले आहे ती घटनाच घडत नाही. आरशासमोर उभे राहून उजवीकडे बोट दाखवले तर प्रतिमेतील बोटही त्याच दिशेला जाते आणि वर दाखवले तर वरच जाते. आरशाकडे रोखले तर मात्र प्रतिमेतील बोट आपल्याकडे रोखले जाते. म्हणजे सपाट आरसा उलटवतो ती फक्त त्याच्या पृष्ठभागाला लंब असलेली, पुढची-मागची दिशा. प्रतिमेला आपण वळून समोर उभी राहिलेली व्यक्ती समजतो, म्हणून तिचा उजवा हात आपल्याला डावा वाटतो. अक्षरे उलटी दिसण्याचे खापरही आरशावर फोडता येत नाही, कारण कागद आरशाकडे वळवलेला असतो तो आपणच. तोच कागद वरची कड खाली येईल असा पालथा करून दाखवला, तर डावे-उजवे जागेवर राहून अक्षरे खाली डोके वर पाय अशी दिसतात. आणि पारदर्शक कागदावर लिहून तो न वळवता धरला, तर आरशातला मजकूर सरळ वाचता येतो.

मागे सरकण्याच्या सल्ल्याने पावलांची दमणूक तेवढी होते. प्रतिमा आरशाच्या मागे तितक्याच अंतरावर असल्याने, उभ्या भिंतीवरच्या आरशात पूर्ण शरीर दिसण्यासाठी आपल्या उंचीच्या निम्मा आरसा लागतो, मग आपण कितीही दूर असू. १७० सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीचे डोळे १६० सेंटिमीटरवर असतील, तर जमिनीपासून ८० ते १६५ सेंटिमीटरपर्यंतचा आरसा पुरतो. मागे गेल्यावर प्रतिमा लहान दिसते हे खरे, पण आरसाही त्याच प्रमाणात लहान दिसतो.

काठीच्या बाबतीत परावर्तन (प्रकाश पृष्ठभागावरून परत फिरणे) आणि अपवर्तन (एका माध्यमातून दुसऱ्यात जाताना प्रकाश वळणे) यांची गल्लत झाली आहे. प्रकाशाचा वेग हवेत सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर, तर पाण्यात सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर असतो. त्यामुळे काठीच्या बुडालेल्या भागाकडून तिरपे येणारे किरण पाण्याबाहेर पडताना स्तंभिकेपासून, म्हणजे पृष्ठभागाला लंब असलेल्या काल्पनिक रेषेपासून, दूर वळतात, आणि डोळा ते सरळ रेषेत आले असे धरून चालत असल्याने तो भाग उचललेला दिसतो. याच कारणाने २ मीटर खोल तळ थेट वरून पाहताना सुमारे दीड मीटरवर भासतो, तिरपे पाहताना त्याहूनही उथळ. पृष्ठभागावरून थोडा प्रकाश परावर्तित होतो, परंतु सरळ पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम २ टक्के. पाणी खरोखर पूर्ण आरसा बनते ते फक्त आतून पाहणाऱ्यासाठी, किरण स्तंभिकेशी सुमारे ४९ अंशांहून मोठा कोन करत पृष्ठभागावर आदळतो तेव्हा.