‘रेफरन्स किल्ली केला की टेस्ट कशाला?’ या मेसेजला उत्तर

राजारामपुरीतल्या आमच्या ऑफिसात दर उन्हाळ्यात इंजिनिअरिंगची पोरं शिकायला येतात. यंदा आलेल्या तिघांच्याही मोबाइलवर एकच मेसेज होता, आणि त्याच आठवड्यात तो मला आणखी दोन ग्रुपवरून आला. मजकूर थोडक्यात असा: हॅश टेबलमध्ये नाव किंवा नंबर किल्ली म्हणून वापरण्यापेक्षा थेट ऑब्जेक्टचा रेफरन्सच वापरा. प्रत्येक ऑब्जेक्टचा पत्ता वेगळा असतो, त्यामुळे दोन नोंदींची टक्कर होत नाही. आतला डेटा बदलला तरी पत्ता बदलत नाही, त्यामुळे नोंद हरवत नाही. हॅश टेबल भाषेनेच तपासून दिलेलं असतं. एक नोंद घाला, परत काढा, मिळाली की टेस्ट झाली. ऑब्जेक्ट गेला की त्याची नोंदही आपोआप जाते.

(प्रोग्रामिंगमधल्या ‘की’ला मी इथे किल्ली म्हणतोय. नाहीतर दर दुसऱ्या वाक्यात गल्लत होईल. हॅश टेबल म्हणजे किल्ली दिली की तिची नोंद काढून देणारा तक्ता, आणि रेफरन्स म्हणजे ऑब्जेक्ट मेमरीत कुठे आहे ते दाखवणारा दुवा.)

हे खोडून काढायला बसलोय, कारण यातल्या पहिल्याच दाव्यावर विसंबून मी स्वतः एकदा लोकांच्या पट्ट्या (शेतकऱ्याला मिळणाऱ्या विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या) गहाळ केल्या आहेत. तिथूनच सुरुवात करतो.

पत्ता वेगळा असतो हे खरं, पण एका वेळी जिवंत असलेल्या ऑब्जेक्टांपुरतंच. ऑब्जेक्ट संपला की त्याची जागा मोकळी होते आणि पुढच्या ऑब्जेक्टला दिली जाते. पेठेतल्या भाड्याच्या खोलीसारखं आहे हे. भाडेकरू बदलला, घर नंबर तोच. जुन्या भाडेकरूची उधारी घर नंबरावर लिहून ठेवली असेल, तर ती नव्याच्या गळ्यात पडणार.

आमच्याकडे गुळाच्या एका अडत दुकानासाठी लिहिलेला पर्लचा जुना प्रोग्राम होता. दिवसभराचे सौदे झाले की फाइल यायची, एका ओळीत एका शेतकऱ्याचा हिशेब: किती रवे (गुळाच्या ढेपा), काय दर निघाला, तोलाई, हमाली, अडत. प्रोग्राम ओळ वाचायचा, तिच्यापासून पट्टी बनवायचा आणि छापायचा. कोडमध्ये छपाईकडे जाणाऱ्या वाटा दोन होत्या, त्यामुळे एकच पट्टी दोनदा छापली जाऊ नये म्हणून मी ‘छापलेल्या’ नावाचा हॅश (पर्लमधलं हॅश टेबल) ठेवला. किल्ली म्हणून पट्टीचा रेफरन्स. टेस्टही लिहिली होती: बारा पट्ट्यांचा अ‍ॅरे, तो फिरवला, बारा छापल्या. पास.

दुकानात चालवल्यावर मात्र पट्ट्या गळायला लागल्या. सकाळी चाळीस रवे उतरवून गेलेला शेतकरी संध्याकाळी पट्टी न्यायला आला आणि छापलेल्या गठ्ठ्यात त्याची पट्टीच नाही. फाइलमध्ये ओळ आहे, रक्कम बरोबर आहे, पट्टी नाही. तो माणूस दिवाणजींसमोर उभा होता आणि मी फोनवर दिवाणजींना ‘पुन्हा एकदा चालवा’ म्हणून सांगत होतो.

कारण असं. पर्लच्या साध्या हॅशमध्ये किल्ली नेहमी स्ट्रिंगच असते. रेफरन्स दिला तर पर्ल त्याचं अक्षरांत रूपांतर करतं, ऑब्जेक्टचा प्रकार आणि कंसात पत्ता, आणि तेवढी अक्षरं ठेवतं. मूळ पट्टीला हॅशने धरून ठेवलेलंच नसतं. लूपची फेरी संपली, पट्टीला धरणारं कुणी उरलं नाही, ती गेली. पुढच्या ओळीची पट्टी बनताना पर्लने बऱ्याचदा तीच नुकती मोकळी झालेली जागा वापरली. नव्या पट्टीचा पत्ता जुन्याचाच, आणि हॅश म्हणाला, ‘ही छापून झाली.’

माझ्या टेस्टला हे का दिसलं नाही? तिथे बाराही पट्ट्या अ‍ॅरेने धरून ठेवल्या होत्या. सगळ्या जिवंत, म्हणून सगळ्यांचे पत्ते वेगळे. टेस्टची मांडणीच अशी होती, की चूक घडायला जागाच नव्हती. जी टेस्ट पाहिजे होती ती एवढीच: लूपमध्ये हजार पट्ट्या बनवा, एकही धरून ठेवू नका, आणि छापलेल्या मोजा. हजार भरल्या तर ठीक.

पर्लसोबतच येणारं टाय::रेफहॅश हे मॉड्यूल वापरलं तर खरा रेफरन्स धरून ठेवला जातो, त्यामुळे पत्ता दुसऱ्याला जात नाही आणि किल्ल्या परत मागितल्या तर अक्षरं न मिळता खरे रेफरन्स मिळतात. टेस्टमध्ये हेही बघा: परत आलेली किल्ली उघडून आतला दर वाचता येतो का? साध्या हॅशमधून आलेल्या किल्लीवर हे करायला गेलात तर, स्ट्रिक्ट (पर्लची कडक तपासणी) चालू असेल तर, प्रोग्राम तिथेच थांबतो. आणखी एक जागा: नोंद घातल्यावर त्याच रेफरन्सला ब्लेस करून क्लास दिला, तर अक्षरांतलं रूप बदलतं. पत्ता तोच, पण पुढे क्लासचं नाव लागतं, आणि जुनी नोंद सापडत नाही. क्लासने स्ट्रिंगचं रूप स्वतः ठरवलं असेल तर किल्लीत पत्ताही नसतो. अशा वेळी स्केलर::यूटिलमधलं रेफअ‍ॅडर वापरून निखळ पत्ता घ्यावा लागतो, आणि जागा पुन्हा वापरली जाण्याचा मूळ प्रश्न तसाच राहतो.

पायथॉनमध्ये आयडी फंक्शनचा आकडा किल्ली करणाऱ्यांचंही हेच होतं. आकडा वेगळाच असेल ही हमी फक्त ऑब्जेक्ट जिवंत असेपर्यंतची आहे. जावास्क्रिप्टच्या साध्या ऑब्जेक्टमध्ये तर साध्या ऑब्जेक्टांची किल्ली एकच अक्षरं होते, म्हणजे शंभर पट्ट्या एकाच खणात आणि शेवटची तेवढी शिल्लक. तिथे २०१५ पासून भाषेत असलेला मॅप वापरायचा.

आता टक्कर, म्हणजे दोन किल्ल्यांना एकच आकडा किंवा एकच खण मिळणं. जावात लोक समजतात, की ऑब्जेक्टचा मूळ हॅशकोड (ज्यावरून टेबलातला खण ठरतो तो आकडा) म्हणजे त्याचा पत्ता. पत्ता असूच शकत नाही, कारण गार्बेज कलेक्टर (वापरात नसलेली मेमरी मोकळी करणारा भाग) ऑब्जेक्ट एका जागेवरून दुसरीकडे हलवतो आणि हॅशकोड तर बदलून चालत नाही. आजच्या ६४ बिटांच्या हॉटस्पॉटमध्ये (जावा चालवणाऱ्या नेहमीच्या इंजिनात) तो ३१ बिटांचा यादृच्छिक आकडा असतो, एकदा काढला की ऑब्जेक्टच्या शीर्षात लिहून ठेवलेला. ३१ बिट म्हणजे २१४ कोटींहून अधिक आकडे, ऐकायला पुष्कळ. पण साधारण साडेचोपन्न हजार ऑब्जेक्ट झाले, की त्यातल्या कुठल्या तरी दोघांचा आकडा सारखा असण्याची शक्यता निम्मी होते. वर्गातल्या दोघांचा वाढदिवस एका दिवशी येतो, तेच गणित. बरं, आकडे वेगळे असले तरी टेबलाचे खण थोडेच असतात, त्यामुळे दोन किल्ल्या एका खणात येणं रोजचंच आहे. टेबल ते सांभाळतं. तुम्ही स्वतःचं टेबल लिहिलं असेल तर मात्र मुद्दाम सगळ्यांना एकच हॅशकोड देणारा क्लास बनवा, तीन नोंदी घाला, मधली काढा आणि तिसरी अजून सापडते का बघा. रिकामा खण लागेपर्यंत पुढे शोधत जाणाऱ्या टेबलात मधली नोंद नुसती पुसली, तर शोध तिथेच थांबतो.

खऱ्या पत्त्यावर चालणाऱ्या टेबलांची गोची निराळी आहे. ऑब्जेक्टांचे पत्ते बहुधा १६ च्या पटीत असतात, म्हणजे शेवटचे चार बिट कायम शून्य. खण निवडायला तेच खालचे बिट वापरले तर सोळांपैकी एकच खण भरतो, बाकीचे रिकामे. सीपायथॉन (म्हणजे नेहमीचं पायथॉन) पत्त्यावरून हॅश काढताना तो चार बिटांनी फिरवतं ते यासाठीच. अशा टेबलात उत्तर बरोबर येतं, फक्त उशिरा येतं. म्हणून नुसतं उत्तर तपासणारी टेस्ट इथे आंधळी ठरते.

‘डेटा बदलला तरी नोंद हरवत नाही’ हे वाक्य वाचून मला सगळ्यात जास्त काळजी वाटली, कारण जावाचा हॅशमॅप पत्ता विचारतच नाही. तो हॅशकोड आणि इक्वल्स (दोन ऑब्जेक्ट समान आहेत का ते सांगणारं फंक्शन) विचारतो. तुमच्या क्लासने हे दोन्ही वजनावरून काढायचं ठरवलं असेल आणि नोंद घातल्यावर तोलाईत दुरुस्ती झाली, तर पट्टी जुन्या वजनाच्या खणात पडून राहते आणि शोध नव्या वजनाच्या खणात होतो. यंदाच्या पोरांपैकी एकाने हे स्क्रीनवर करून बघितलं आणि विचारलं, “सर, मोजणीत एक दाखवतोय, सगळ्या छापल्या तर दिसतीय पण, मग मागितली तर नाही का म्हणतोय?” हाच नेमका धोका. दिवसाची बेरीज जुळते, म्हणून कुणाला शंका येत नाही. टेस्टचा क्रम म्हणून असा हवा: घाला, किल्लीतला डेटा बदला, मग मागा. ‘घाला आणि परत काढा’ या टेस्टमध्ये मधली पायरीच नाही.

उलट जिथे खरंच रेफरन्सच तपासला जातो, उदाहरणार्थ जावाचा आयडेंटिटीहॅशमॅप, तिथे जुळ्यांची टेस्ट लागते. एकाच गावात एकाच नावाचे दोन पाटील असतात हे अडत दुकानात कुणालाही सांगावं लागत नाही. तुमच्या टेबलाला ते दोघं एक वाटायला हवेत की दोन, हे आधी ठरवा आणि टेस्टमध्ये दोघांनाही उभं करा. इथे एक फसवी गोष्ट आहे. शिकायला आलेल्या मुलीने पट्टी क्रमांक किल्ली करून आयडेंटिटीहॅशमॅप वापरला, टेस्टमध्ये १, २, ३ घातले, सगळे सापडले. मी तिला १२८ घालायला सांगितलं. सापडेना. जावा -१२८ ते १२७ पर्यंतच्या इंटिजरचे ऑब्जेक्ट आधीच बनवून ठेवतं आणि दरवेळी तेच देतं. त्यापुढच्या आकड्याला एरवी नवा ऑब्जेक्ट मिळतो. म्हणजे सकाळच्या पहिल्या १२७ पट्ट्या सुखरूप आणि मग अडचण. अक्षरांचंही तसंच: कोडमध्ये दोन ठिकाणी लिहिलेलं ‘कागल’ एकच ऑब्जेक्ट असतं, फाइलमधून वाचलेलं ‘कागल’ दुसरं. टेस्टचा डेटा कोडमध्ये लिहू नका, वाचून आणा.

‘भाषेने तपासून दिलंय’ याला फार शब्द खर्चत नाही. भाषेने तिचं टेबल तपासलंय. तुम्ही त्याला कुठली किल्ली दिलीत, ती किती काळ जगते आणि मधे बदलते का, हे तिने तपासलेलं नाही.

राहिलं ‘नोंद आपोआप जाते’. खरा रेफरन्स ठेवणाऱ्या साध्या टेबलात बरोबर उलटं होतं: टेबल किल्लीला धरून ठेवतं, ऑब्जेक्ट कधीच जात नाही आणि दिवसभर चालणाऱ्या प्रोग्रामची मेमरी फुगत राहते. नोंद आपोआप जावी म्हणून वेगळी टेबलं आहेत: पर्लमध्ये ५.१० पासून सोबत येणारा फील्डहॅश, जावात वीकहॅशमॅप. वीकहॅशमॅप तुलना मात्र इक्वल्सनेच करतो, त्यामुळे जुळ्यांचा प्रश्न तिथे पुन्हा आहेच. शिवाय नोंद कधी जाईल ते गार्बेज कलेक्टरवर आहे, आणि त्याला बोलावणं ही फक्त विनंती असते, हुकूम नव्हे. टेस्ट लिहिताना किल्लीचे सगळे रेफरन्स सोडा, विनंती करा, मग ठरावीक मुदतीपर्यंत थोडं थांबत थांबत मोजत राहा. एकदाच मोजून निकाल देऊ नका. मुदत संपूनही नोंद गेली नाही, तर व्हॅल्यूमधून (किल्लीसमोर ठेवलेल्या डेटामधून) किल्लीकडे परत जाणारा रेफरन्स शोधा, कारण तो असला की नोंद कधीच जात नाही. आमच्या पोरांनी काल तो शोधला. पट्टी किल्ली होती, हिशेब व्हॅल्यू होता, आणि हिशेबाच्या आत ‘ही कुणाची पट्टी’ म्हणून त्याच पट्टीचा रेफरन्स ठेवलेला होता. त्याजागी नुसता पट्टी क्रमांक ठेवल्यावर टेस्ट पास झाली.