व्हिजन प्रोची काच: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

प्रतिक्रिया सविस्तर आहे आणि तिखटही. दोन्हींबद्दल आभार. अ‍ॅपलच्या व्हिजन प्रोची, म्हणजे डोळ्यांवर चढवायच्या संगणकाची, दुरुस्ती किती अवघड आहे यावर मी लिहिलं, ते तुम्हाला अजिबात पटलेलं नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: इतक्या नाजूक यंत्रात सुटे भाग आणि स्क्रू मागणं हा अडाणीपणा. सगळं घट्ट चिकटवलं नाही तर भिंगं आणि कॅमेऱ्यांची जुळणी टिकणार नाही. साडेतीन हजार डॉलर मोजणारा माणूस गल्लीतल्या मोबाइलवाल्याकडे जात नाही, तो विमा घेतो. आणि ज्यानं यंत्र स्वतः उघडलेलं नाही त्यानं बोलू नये.

शेवटचा मुद्दा लवकर संपतो, म्हणून तो आधी. मी ते उघडलेलं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते अमेरिकेत विक्रीला आल्याबरोबर यंत्रं उघडून त्यांच्या दुरुस्तीची माहिती देणाऱ्या आयफिक्सिटच्या मंडळींनी उघडलं, सगळे टप्पे फोटोंसह जाहीर केले आणि दुरुस्तीसाठी दहापैकी चार गुण दिले, तेही तात्पुरते म्हणून. त्या चारच्या जागी तीन असते की पाच, यावर मला वाद घालायचा नाही. गुण ही बेरीज असते, आणि या यंत्रात बेरजेपेक्षा वाटणी जास्त बोलकी आहे.

काय काय सुटं होतं ते पाहा. डोक्याचा पट्टा निघतो. चेहऱ्यावर टेकणारी गादी चुंबकानं बसते, हातानं निघते. कानाजवळच्या स्पीकरच्या दांड्या सिमकार्डाच्या पिनेसारखं टोक घातलं की सुटतात. चष्मा असणाऱ्यांसाठीची, झाइस या भिंगांच्या कंपनीची नंबरची भिंगंही चुंबकावर. बॅटरी तर मुळातच बाहेर, वायरच्या टोकाला, ३५.९ वॅट-तासांची. तिच्यातून वायरही तशाच पिनेनं निघते. म्हणजे सुटे भाग करणं अ‍ॅपलला जमत नाही असं नाही, उत्तम जमतं. लोकांची डोकी, चेहरे आणि डोळ्यांचे नंबर वेगवेगळे असतात, तिथे त्यांनी ते केलं. डोक्यावर आधीच सहाशे ते साडेसहाशे ग्रॅम होते. साडेतीनशे ग्रॅमची बॅटरी तिथे परवडणारी नव्हती, म्हणून ती खिशात गेली. दुरुस्तीची सोय हा याचा जोडलाभ. तो ठरवून दिलेला आहे असं मला वाटत नाही, पण मिळाला हे खरं.

आता पुढची बाजू. वळणदार, थर जोडून केलेली काच, तिच्यावर प्लॅस्टिकचं पातळ आवरण, आणि सगळं गोंदानं बसवलेलं. ती काढायची म्हणजे उष्णता द्यायची, कडेनं पात्या सरकवायच्या आणि देवाचं नाव घ्यायचं. काचेखाली आयसाइटचा पडदा, म्हणजे समोरच्या माणसाला तुमचे डोळे दाखवणारा. त्यातही तीन थर: प्रतिमा रुंद करणारा, बारीक उभ्या भिंगांचा, आणि खाली प्रत्यक्ष चित्र दाखवणारा ओलेड पडदा. यांच्या मागे पंखे आणि एम२ व आर१ या चिपांचा बोर्ड. समोरून आत जायला काचेवाचून रस्ता नाही. आणि डोळ्यांवर यंत्र चढवून खोलीत फिरणाऱ्या माणसाचं कपाट, दार, भिंत यांच्याशी पहिलं काय आपटणार? २०२४ मध्येच काही मालकांनी नाकाच्या वर काचेला आपोआप तडा गेल्याच्या तक्रारी केल्या होत्या.

तुमचा जुळणीचा मुद्दा मात्र वजनदार आहे. आत डोळ्यांसमोर टपाल तिकिटाएवढे दोन पडदे, मिळून २.३ कोटी पिक्सेल. भिंगं मोटरनं सरकून डोळ्यांतल्या अंतराशी जुळतात. कॅमेऱ्यांत दिसलेलं १२ मिलिसेकंदांत पडद्यावर येतं. इथे केसभर फरक पडला तर डोकं गरगरायला लागेल. भिंगं आणि कॅमेरे धरणारा सांगाडा ताठ असावा, हे मान्यच. पण या युक्तिवादानं सांगाड्याचा बचाव होतो, पुढच्या गोंदाचा होत नाही. काच कॅमेऱ्यांच्या समोर येते, त्यामुळे ती बदलल्यावर जुळणी पुन्हा तपासावी लागेल, एवढंच. ती पुन्हा करण्याची पद्धत अ‍ॅपलकडे आहेच. झाइसची नंबरची भिंगं लावली की सोबतचा कोड यंत्राला दाखवायचा, ते नजरेचा माग त्यानुसार जुळवून घेतं. आयओएस १८ पासून आयफोनमध्ये भाग बदलल्यावर जुळणीची सोय फोनमध्येच दिली आहे. तीच सोय इथे का नसावी?

माझं मत विचाराल तर हा सगळा खटाटोप आयसाइटपायी झाला आहे. पहिल्याच परीक्षणांत लोकांनी लिहिलं होतं की ते डोळे अंधूक दिसतात, उजेडात तर जवळजवळ दिसतच नाहीत. वापरणाऱ्याला स्वतःला त्याचा काही उपयोग नाही. पाहुण्यांसाठी सजवलेल्या दिवाणखान्यातून वाट काढत स्वयंपाकघरात जावं लागणाऱ्या घरासारखी ही रचना आहे.

विम्याचा हिशेब तुम्ही मांडला नाहीत, मी मांडतो. अमेरिकेत विक्रीच्या सुरुवातीला जाहीर झालेले दर असे: विमा नसेल तर फुटलेल्या काचेचे ७९९ डॉलर. अ‍ॅपलचा दोन वर्षांचा विमा, अ‍ॅपलकेअर प्लस, ४९९ डॉलरचा, आणि तो घेऊनही अपघाती नुकसानीला दर वेळी २९९. म्हणजे विमा घेतलेल्याची काच एकदा फुटली तर खर्च ७९८. वाचला एक डॉलर! इतर नुकसानीचा दर २,३९९ होता, तिथे विमा नक्कीच कामाला येतो. पण सगळ्यात सहज फुटणाऱ्या भागासाठी तो उपाय आहे, हे या आकड्यांवरून तरी दिसत नाही.

गल्लीतल्या मोबाइलवाल्याला तुम्ही जाता जाता टपली मारलीत, तेही खटकलं. कडा वळवलेल्या फोनची काच गरम करून, खालचा पडदा शाबूत ठेवून वेगळी करणारी माणसं आपल्या शहरांत ढिगानं आहेत. हात त्यांच्याकडे आहे. त्यांना मिळत नाही ती मूळ काच आणि जुळणीचं सॉफ्टवेअर. त्यातून २०२४ मध्ये ज्या देशांत हे यंत्र टप्प्याटप्प्यानं गेलं त्यांत सिंगापूर, जपान, संयुक्त अरब अमिराती होते, भारत नव्हता. दुबईहून कुणी हौसेनं आणलं आणि फुटलं, तर इथे कुणाच्या दारात जायचं?

आणि वर मांडलेला विमा दोन वर्षांचा, यंत्र त्याहून जास्त टिकायला हवं. साधारण याच किमतीच्या, डोक्यावरच चढवायच्या होलोलेन्स २ चं उत्पादन मायक्रोसॉफ्टनं २०२४ मध्ये थांबवलं, आणि सुरक्षा अपडेट २०२७ अखेरपर्यंतच देणार असं सांगितलं. कंपनी वाटेतून बाजूला होते, तेव्हा यंत्र किती सुटं होतं यालाच किंमत उरते.

तुम्ही विचारलंय, मग मी किती गुण देईन? बाहेरच्या भागांना आठ, काचेपासून आतल्या सगळ्याला दोन. ऑक्टोबर २०२५ मध्ये एम५ चिपचं व्हिजन प्रो आलं, त्यासोबत नवा पट्टा आला. तो ९९ डॉलरला वेगळाही मिळतो आणि २०२४ च्या यंत्राला व्यवस्थित बसतो. नवी चिप हवी असेल तर मात्र पुन्हा साडेतीन हजार मोजायचे, पुढची काच तशीच चिकटवलेली.