'मावशीने भाच्यावर केस केली', तो फॉरवर्ड आणि त्यात कापून टाकलेलं सगळं

तो मेसेज परत आलाय. वर्ष-दोन वर्षांनी येतोच, यावेळी आमच्या फॅमिली ग्रुपवर काकांनी टाकला, खाली तीन वेळा हात जोडलेले. ज्यांच्याकडे आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: अमेरिकेत एका सख्ख्या मावशीने आपल्या 8 वर्षांच्या, आईविना भाच्याला कोर्टात खेचलं, का तर वाढदिवसाला त्याने धावत येऊन मिठी मारली आणि तिचा हात मोडला, तिला कोटभर रुपये पाहिजे होते, कोर्टाने हाकलून दिली. तिकडे नाती उरलेली नाहीत, पैसा हाच देव. आपल्या संस्कृतीत नातेवाईकावर अशी केस होऊच शकत नाही आणि आपला कायदासुद्धा ते मान्य करत नाही. अभिमान असेल तर पुढे पाठवा.

मी वकील नाही. मुंबईत, फोर्टात एका वकिलांच्या ऑफिसात 16 वर्षं टायपिंग, फायलिंग, तारखा लावणं हे करते, आणि आमच्याकडे नव्वद टक्के काम मोटार अपघाताच्या क्लेमचं. त्यामुळे 'नातेवाईकावर केस' हा शब्द ऐकून माझ्या अंगावर काटा येत नाही, मला आधी प्रश्न पडतो की विमा कोणाचा होता. या मेसेजमध्ये नेमकं तेवढंच लिहिलेलं नाही. म्हणून आता एकेक घेते.

"सख्खी मावशी, 8 वर्षांचं आईविना पोर." घटना खरी आहे, कनेक्टिकट राज्यातल्या वेस्टपोर्ट गावातली, मार्च 2011. मुलाचा आठवा वाढदिवस, नवी लाल सायकल मिळालेली, ती तो चालवत होता, ही बाई आलेली दिसली तशी सायकल टाकून धावत सुटला आणि तिच्या अंगावर उडी मारली, ती तोल जाऊन पडली, मनगट मोडलं. पण ती सख्खी मावशी नव्हे, नात्याने चुलत-मावस बहीण लागते, मुलगा लाडाने 'आंटी' म्हणायचा, आपल्याकडे नाही का शेजारच्या बाईला मावशी म्हणतात तसं. आणि केस ब्रिजपोर्टच्या कोर्टात उभी राहिली ऑक्टोबर 2015 मध्ये, तेव्हा मुलगा 12 वर्षांचा होता. आई गेली ती केस उभी राहण्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे हात मोडला त्या दिवशी ती होती. मेसेजवाल्याने दोन्ही गोष्टी एका दिवसात आणून ठेवल्या, रडू यायला पाहिजे ना.

"कोटभर रुपये पाहिजे होते." मागणी 1,27,000 डॉलरची होती. तेव्हा डॉलर पासष्टच्या आसपास, म्हणजे ब्याऐंशी-त्र्याऐंशी लाख. मोठी रक्कम आहे, नाही कशाला म्हणू. पण मनगटाची दोन ऑपरेशनं झालेली आणि तिसऱ्याची भाषा चाललेली. आपल्याला इथे केईएम, सायन, नायर ही महापालिकेची हॉस्पिटलं माहीत आहेत, केसपेपर काढला, लाइनीत उभं राहिलं, प्लास्टर घालून संध्याकाळी घरी, फार तर प्लेटचे पैसे भरले. तिकडे ऑपरेशनचं बिल म्हणजे माणूस आयुष्यातून उठतो. बिल आपल्या हिशोबाने वाचलं की लोभ दिसणारच.

"भाच्याकडून पैसे उकळायला निघाली." इथे जरा थांबते कारण सगळी गोम इथेच आहे.

अमेरिकेत घर कर्जावर घेतलं की बँक घराचा विमा काढायलाच लावते, आणि त्या नेहमीच्या पॉलिसीत आग-बिग तर असतेच पण एक भाग असा असतो की तुमच्या घरी आलेल्या पाहुण्याला तुमच्या किंवा घरच्यांच्या हलगर्जीपणाने लागलं तर त्याची भरपाई कंपनी देईल. घरात राहणाऱ्या माणसांना हा भाग लागू होत नाही, पोराने बापाचा हात मोडला तर बापाला काही नाही, पण ही बाई राहायची न्यूयॉर्कला, म्हणजे पाहुणी, म्हणजे बसते. ती कंपनीकडे गेली, कंपनीने तिच्या वकिलांच्या म्हणण्यानुसार एक डॉलर देऊ केला. हो, एक. आता कंपनीवर केस करावी तर कनेक्टिकटच्या कायद्यात अशा वेळी विमा कंपनीला थेट प्रतिवादी करता येत नाही, ज्याच्या हातून इजा झाली त्याचंच नाव घालावं लागतं. हातून झाली मुलाच्या. म्हणून कागदावर मुलाचं नाव. त्याच्या गल्ल्यातला एक पैसा कोणी मागितलेला नव्हता.

हे ऐकून लोक म्हणतात की काहीतरीच, असं कुठे असतं का. अहो, इथेच असतं, आमच्या ऑफिसच्या कपाटात आहेत फायली. माझ्या स्वतःच्या मावशीचीच सांगते. मावसभावाच्या बाइकवर मागे बसून जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने निघालेली, जुलै महिना, हा एका रिक्षाला ओव्हरटेक करायला गेला आणि बाइक सरकली, मावशीचा खांदा गेला. पोलिसात नोंद झाली, चूक याचीच, दंडही भरला त्याने. क्लेम लावायचा तर अर्जदार मावशी, सामनेवाला नंबर एक तिचा स्वतःचा मुलगा, नंबर दोन विमा कंपनी. मी अर्ज टाइप केला आणि वाचून दाखवला तर मावशी म्हणाली, "अगं, मी माझ्या पोराच्या विरुद्ध सही करू?" अर्धा तास समजावलं, तेव्हा केली, तीही देवाचं नाव घेऊन. तारखेला दोघं एकत्र यायची, हा तिची पिशवी आणि औषधं धरून बाकावर, एकदा बाजूच्या बाईने तिला विचारलं की तुमची समोरची पार्टी आली का, तर मावशीने याच्याकडे बोट केलं, "हा काय, डबा खातोय."

नवऱ्याच्या गाडीत बसलेली बायको, भावाच्या स्कूटरवर बसलेली बहीण, सगळे असेच क्लेम. फरक एवढाच की आपल्याकडे मोटार अपघातात कंपनीलाही सोबत सामनेवाला करता येतं, त्यामुळे पैसे कोणाच्या खिशातून येणार ते सगळ्यांना दिसतं. तिकडे त्या केसमध्ये कंपनी पडद्याआड आणि पुढे 12 वर्षांचा मुलगा. फोटो कोणाचा छापणार मग?

"आपला कायदा मान्यच करत नाही." करतो. हलगर्जीपणाने कोणाला इजा केली तर भरपाईचा दिवाणी दावा लावता येतो, त्यात नात्याची आडकाठी नाही. दावा कोणी लावत नाही कारण मागितलेल्या रकमेच्या हिशोबाने कोर्ट फी, वर्षानुवर्षं तारखा, आणि जिंकलात तरी वसूल कोणाकडून करणार, तर ज्याच्या घरी गणपतीला जेवायला जायचं त्याच्याकडूनच.

फौजदारी बाजू वेगळी. निव्वळ अपघात, म्हणजे नीट काळजी घेऊन कायदेशीर काम करताना झालेला, तो गुन्हाच नाही, जुन्या आयपीसीचं कलम 80, आता भारतीय न्याय संहितेचं 18. पण बेपर्वाई असेल तर त्याच संहितेचं 125 लागतं, आणि हाड मोडलं की कायद्याच्या भाषेत ती गंभीर दुखापत. ते सासू-सुनेलाही लागू, मामा-भाच्यालाही. 7 वर्षांखालच्या मुलाला गुन्हा लागतच नाही आणि 7 ते 12 मध्ये त्याला कळण्याइतकी समज होती का हे बघतात. दिवाणी दाव्यात अशी वयाची पक्की रेघ नाही, त्या वयाच्या पोराला किती समजायला हवं यावर जातं. त्या अमेरिकेतल्या अर्जातही तेच लिहिलं होतं, की आठ वर्षांच्या समंजस मुलाला कळायला हवं होतं की एवढ्या जोरात अंगावर उडी मारली तर लागू शकतं. वाचायला हास्यास्पद वाटतं हे मान्य, पण हलगर्जी दाखवायची तर असंच काहीतरी लिहावं लागतं, आम्हीही लिहितो, "भरधाव व निष्काळजीपणे", बाइक पंचवीसच्या स्पीडला असली तरी.

"आपल्याकडे नातेवाईक कोर्टात जात नाहीत." हे वाचून मी चहा सांडला. धोबीतलावला लघुवाद न्यायालयात एक दिवस येऊन बसा. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीवरून भाऊ भावावर, पुतण्या काकावर, वहिनी नणंदेवर. बांद्र्याचं फॅमिली कोर्ट बघा. म्हाताऱ्या आई-बापांनी पोरांकडून पोटगी मागायला 2007 चा वेगळा कायदा करावा लागला या देशात, तो काय हौसेने केला? खोलीसाठी चालतं. हातासाठी मात्र संस्कृती आडवी येते.

आणि केस झाली नाही म्हणजे नातं टिकलं असंही कोणी समजू नये. आमच्या घरचंच आहे, लिहू की नको असं चाललं होतं पण लिहिते. लालबागची खोली, दिवाळीच्या आधीची साफसफाई, मामा सहज आलेला, आई म्हणाली अरे उंच आहेस तर तेवढा पंखा पूस. स्टूल दिलं. त्या स्टुलाचा एक पाय हलायचा, बाबांना माहीत होतं, ते स्वतः चढताना तो पाय भिंतीकडे करून चढायचे, पण त्या दिवशी बाबा दूध आणायला खाली गेलेले आणि सांगायचं कोणाच्याच लक्षात आलं नाही. मामा पडला तो उजव्या हातावर. मामाचं अंधेरीला टेलरिंग, कटिंग तो स्वतः करायचा, आणि दिवाळी म्हणजे वर्षाचा सीझन. कात्री धरता येईना. कारागीर होता पण त्याला माप कापायला जमायचं नाही, गिऱ्हाइकांचे कपडे परत गेले, ऑपरेशनला मामीची पाटली गहाण पडली. आम्ही डबे नेले, सफरचंदं नेली, आई रोज रडली. पैसे? बाबांनी एकदा पाकीट पुढे केलं, मामा म्हणाला, "दाजी, असं करू नका, परका झालो काय मी?" आणि बाबांनी ते परत खिशात ठेवलं.

दोन वर्षांनी एका लग्नात मामी सहज म्हणाली की काही लोकांच्या घरी जाताना स्वतःचं स्टूल घेऊन जावं. बस. 11 वर्षं येणं-जाणं बंद होतं. आजीच्या दहाव्यालाही दोघी नणंद-भावजया वेगवेगळ्या कोपऱ्यात बसलेल्या.

आता हे माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर हलणारा पाय माहीत असताना पाहुण्याला स्टूल देणं, सावध न करता, ही सरळसरळ हलगर्जी, आणि एक सीझन बुडाला हे नुकसान दाखवता येण्यासारखं. बाबांकडे त्या मिठीवाल्या घरासारखी पॉलिसी असती तर मामाने फॉर्म भरला असता, फार तर बाबांच्या नावाने एक नोटीस आली असती आणि दोघांनी मिळून कंपनीला शिव्या घातल्या असत्या. आपल्याकडे घराचा विमा काढतात किती लोक? काढला तरी 2021 पासून जी स्टँडर्ड भारत गृह रक्षा पॉलिसी आहे ती आग, पूर, भूकंप यांतून घर आणि सामान वाचवते, पाहुण्याचा हात तिच्यात नाही. काही कंपन्यांच्या हाउसहोल्डर पॅकेजमध्ये पब्लिक लायबिलिटीचा, म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याला लागलं तर त्याच्या भरपाईचा, भाग घेता येतो, तोही बहुतेकांना माहीत नसतो. दहीहंडीला थरावरून पडणाऱ्या गोविंदाचा विमा आता मंडळं काढतात, 2022 ला सरकारनेही जाहीर केला, त्याला कोणी लोभी म्हणत नाही.

"कोर्टाने हाकलून दिली." सहा जणांची ज्युरी, म्हणजे निकाल द्यायला बसवलेले साधे नागरिक, साधारण 25 मिनिटांत निकाल, मुलगा जबाबदार नाही. निकाल बरोबर असेलही, आठ वर्षांच्या मुलाची मिठी म्हणजे हलगर्जी नाही असं मलाही वाटतं. शिवाय साक्षीत बाई म्हणाली की पार्टीत खाण्याची प्लेट हातात धरायला त्रास होतो, ते वाक्य तिला पार महागात पडलं, तिच्या वकिलाने आधी तयारी करून घ्यायला हवी होती. पण विमा आहे ही गोष्ट अशा खटल्यात ज्युरीला सांगायची नसते, म्हणजे त्यांनाही तेवढंच दिसलं जेवढं या मेसेजमध्ये आहे.

"नातं संपलं." निकालानंतर दोन दिवसांत ती आणि तो मुलगा एकत्र टीव्हीवर आले, शेजारी शेजारी बसून, आणि मुलगाच तिची बाजू घेत होता. मेसेजमध्ये हे कुठून असणार.

काकांना मी एवढं सगळं लिहिलं नाही. फक्त विचारलं की तुमच्या स्कूटरची पॉलिसी नुसती थर्ड पार्टी आहे की पॅकेज, म्हणजे पूर्ण विमा, कारण नुसत्या थर्ड पार्टीत मागे बसणारा येत नाही आणि काकू रोज सकाळी मागे बसून भाजीला जातात. निळ्या टिक्स दिसतायत, उत्तर अजून नाही.