‘लॉग स्केल म्हणजे लबाडी’ म्हणणाऱ्या पोस्टबद्दल

गेल्या आठवड्यात रात्री साडेनऊला धाकट्या बहिणीचा फोन आला. कोल्हापूरला तिचा कांदा-लसूण मसाल्याचा धंदा आहे. “दादा, ऑनलाइनचं बंद करतेय. वर्षभर पुड्या बांधून हात दुखले, आणि ग्राफमधली रेघ जमिनीलाच चिकटलेली आहे.” मी म्हटलं, चिकटेल कशी? तो ग्राफ मी लॉग स्केलवर करून दिलाय. तर म्हणाली, “ते मी बदललं. ग्रुपवर पोस्ट आली होती ना, लॉग स्केल म्हणजे लबाडी असते म्हणून.”

ती पोस्ट मागवून घेतली. उद्योजकांच्या ग्रुपांमध्ये ती जोरात फिरतेय. तिच्यात पाच मुद्दे आहेत: लॉग ग्राफ पडझड लपवतो, रुपये सरळ मोजतात म्हणून ग्राफही सरळच हवा, लॉग लोकांना कळत नाही हे लंडनच्या संशोधकांनी सिद्ध केलंय, हे कन्सल्टंट लोकांचं नवं फॅड आहे, आणि त्यात शून्य दाखवता येत नाही म्हणून तो मुळातच खोटा. शेवटी ठळक अक्षरांत, ‘आजच डॅशबोर्डवरून लॉग काढून टाका.’ माझ्या बहिणीने तिच्या डॅशबोर्डवरून, म्हणजे धंद्याचे ग्राफ एकत्र दिसतात त्या पडद्यावरून, तो काढून टाकला आणि वर्षभराचं काम गुंडाळायला निघाली. म्हणून हे लिहायला बसलोय.

आधी दोन वाक्यांत मूळ गोष्ट. साध्या ग्राफवर सारखं अंतर म्हणजे सारखी बेरीज: हजारावरून दोन हजार आणि नऊ हजारांवरून दहा हजार, दोन्हीकडे रेघ तेवढीच चढते. लॉग ग्राफवर सारखं अंतर म्हणजे सारखी पट: हजारावरून दहा हजार आणि दहा हजारांवरून लाख, दोन्ही दहापट, म्हणून रेघ तेवढीच चढते.

आता ‘रुपये सरळ मोजतात’ हा मुद्दा. सगळ्यात जास्त नुकसान यानेच केलंय, म्हणून आधी हाच घेतो. बहिणीचे आकडे तिला विचारूनच देतोय. वर्षभरात तिची ठोक विक्री महिन्याला १८ लाखांवरून २१ लाखांवर गेली. ऑनलाइन विक्री ६ हजारांवरून ४८ हजारांवर. दोन्ही रेघा एकाच साध्या ग्राफवर घ्या, उभा अक्ष शून्य ते २५ लाख आणि उंची दहा सेंटिमीटर. ठोक विक्रीची रेघ सव्वा सेंटिमीटरच्या आसपास चढते. ऑनलाइनची चढते दोन मिलिमीटरपेक्षा कमी. रेघेचीच जाडी जवळपास तेवढी असते. आठपट वाढलेली विक्री त्या जाडीत बुडून गेली, आणि बहिणीला वाटलं काही हललंच नाही.

तोच ग्राफ लॉगवर घ्या, एक हजार ते एक कोटी, उंची तीच. आता ऑनलाइनची रेघ सव्वादोन सेंटिमीटर चढते आणि ठोक विक्रीची दोन मिलिमीटरपेक्षा कमी. म्हणजे एका ग्राफमध्ये एक गोष्ट दिसत नाही, दुसऱ्यात दुसरी. या महिन्याचा पगार आणि बँकेचा हप्ता कुठून निघेल, हा प्रश्न असेल तर साधा ग्राफ बघा, उत्तर ठोक विक्रीतच आहे. कुठलं काम वेगाने वाढतंय आणि कशाला अजून वर्षभर वेळ द्यावा, हा प्रश्न असेल तर साधा ग्राफ गप्प बसतो. रुपये सरळ मोजतात हे खरंच आहे, पण वाढ आपण टक्क्यांत आणि पटींत बोलतो. ‘धंदा दुप्पट झाला’ म्हणताना कोणी बेरीज सांगत नाही.

‘पडझड लपवतो’ हा मुद्दा वाचून मला खरोखर राग आला, कारण गोष्ट बरोब्बर उलटी आहे. सेन्सेक्स घ्या. २८ एप्रिल १९९२ ला, रोखे घोटाळा बाहेर आल्यानंतरच्या दिवसांत, तो एका दिवसात ५७० अंकांनी पडला. तेव्हा ती घसरण १२.७७ टक्के होती, लोकांची आयुष्यभराची बचत बुडाली. आज सेन्सेक्सचा जन्मापासूनचा साधा ग्राफ ८० हजारांपर्यंत काढा आणि ते ५७० अंक शोधून दाखवा. ग्राफच्या उंचीचा एक टक्काही भरत नाही. त्या काळातली सगळी रेघ तळाशी सपाट दिसते, जणू काही घडलंच नव्हतं. लॉगवर तिथे लहान का होईना, पण पायरी दिसते.

आणखी एक जोडी. २३ मार्च २०२० ला, कोविडच्या धास्तीत, सेन्सेक्स ३,९३५ अंकांनी पडला. ४ जून २०२४ ला, लोकसभेच्या निकालादिवशी, ४,३९० अंकांनी. साध्या ग्राफवर दुसरी घसरण मोठी दिसणार. पण पहिली १३ टक्के होती आणि दुसरी पावणेसहा. ज्याचे लाख रुपये होते, त्याचे पहिल्या दिवशी तेरा हजार गेले, दुसऱ्या दिवशी पावणेसहा हजार. कुठला ग्राफ इथे खरं बोलतोय?

धंद्यातही तसंच. बहिणीची ऑनलाइन विक्री दर चार महिन्यांनी दुप्पट होत आली: ६, १२, २४, ४८ हजार. समजा पुढच्या चार महिन्यांत ती ७२ हजारांवर गेली. साध्या ग्राफवर मागच्या वेळीही २४ हजारांची चढण होती, आताही २४ हजारांचीच. रेघ तशीच ताठ, मालक खूश. लॉगवर मात्र ती वाकलेली दिसते, कारण दुपटीची दीडपट झालीय. वेग मंदावतोय हे आधी कळतं ते लॉग ग्राफवरूनच. जाहिरातीचा खर्च वाढवायचा की थांबवायचा हे ठरवणाऱ्या माणसाला याचं मोल विचारा.

‘पडझड लपवतो’ यात अर्धं सत्य आहे आणि ते मी नाकारत नाही. हजार ते कोटी एवढा लांब अक्ष असेल, तर ठोक विक्री दहा टक्क्यांनी घसरली तरी दहा सेंटिमीटरच्या लॉग ग्राफवर ती साधारण एक मिलिमीटरच खाली येते. दोन लाख रुपये गेले आणि डोळ्यांना कळलं नाही, असं होऊ शकतं. मुद्दाम असा अक्ष लावून कोणी भागीदाराला फसवत असेल तर त्याचा कान जरूर धरा. पण मग साध्या ग्राफचा अक्ष शून्याऐवजी २० लाखांपासून सुरू करून पाच टक्क्यांची वाढ डोंगराएवढी दाखवणाऱ्याचाही धरा. ती लबाडी मला महिन्यातून दोनदा तरी बघायला मिळते, आणि तिच्यावर पोस्ट फिरताना दिसत नाही.

लंडनचं संशोधन खोटं नाही, पोस्टने ते अर्धवट सांगितलंय. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सशी संबंधित संशोधकांनी २०२० मध्ये अमेरिकेतल्या लोकांना कोविडच्या मृत्यूंचा ग्राफ दाखवला, काहींना साध्या स्केलवर, काहींना लॉगवर. कुठल्या आठवड्यात मृत्यू जास्त वाढले, असा साधा प्रश्न होता. साध्या स्केलवाल्यांपैकी जवळपास ८४ टक्के लोकांचं उत्तर बरोबर आलं, लॉगवाल्यांपैकी ४१ टक्क्यांचं. आकडा गंभीर आहे. सगळ्यांसाठी लावलेल्या पडद्यावर न सांगता लॉग ग्राफ टाकू नये, हे त्यावरून मी मान्य करतो. पण प्रश्न बघा: कुठल्या आठवड्यात जास्त? म्हणजे बेरजेचा फरक. त्यासाठी साधाच ग्राफ योग्य असतो. पटीचा प्रश्न विचारून लोक साध्या ग्राफवर किती चुकतात, हे त्या आकड्यांत नाही. त्यामुळे ‘लॉग काढून टाका’ हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. अक्षावर ठळक लिहा आणि प्रश्नाप्रमाणे ग्राफ निवडा, एवढंच निघतं.

नवं फॅड? स्कॉटलंडच्या नेपियर या गणितज्ञाने लॉगरिथम, म्हणजे हेच लॉग, मांडले १६१४ मध्ये. अर्थतज्ज्ञ अर्विंग फिशर यांनी अशा ग्राफची बाजू घेणारा लेख लिहिला १९१७ मध्ये. किल्लारीचा भूकंप ६.२ आणि भूजचा ७.७ असं आपण सहज बोलतो, ते मापही लॉगच. त्या दीड आकड्याच्या फरकात ऊर्जेची पावणेदोनशे पटींच्या आसपास तफावत आहे. आपल्याकडे बारावी सायन्सच्या पोरापोरींच्या हातात अजून लॉग टेबल असतं. यावर जास्त शब्द घालवत नाही.

शून्याचा मुद्दा तेवढा खरा आहे, आणि पोस्टवाल्याला कळलाय त्यापेक्षा जास्त खरा आहे. लॉग अक्षावर शून्याला जागाच नसते, परत आलेल्या मालाच्या उणे रकमेलाही नाही. काही जण शून्याच्या जागी एक घालून वेळ मारून नेतात. मग तीस हजारांवरून रेघ दरीत कोसळते, ती दरी खोटी असते. त्याहून वाईट म्हणजे खांबांचे ग्राफ. दहा हजार आणि एक लाखाचे दोन खांब लॉगवर काढा. तळ हजाराचा धरला तर दुसरा खांब पहिल्याच्या दुप्पट दिसतो, तळ शंभराचा धरला तर दीडपट. खरा फरक दहापट आहे. खांब आपण लांबीने वाचतो, म्हणून खांबांना लॉग लावणं चूकच. रेघेला लावा, ठिपक्यांना लावा. यासाठी लॉग ‘मुळातच खोटा’ ठरत नाही. थर्मामीटरने वजन होत नाही म्हणून तो कोणी फेकून देत नाही.

बहिणीच्या डॅशबोर्डवर आता दोन ग्राफ आहेत. वर साधा, ‘या महिन्याचे पैसे’ असं नाव दिलेला. खाली लॉगचा, ‘वाढीचा वेग’. त्याच्या अक्षावर १ हजार, १० हजार, १ लाख, १० लाख, १ कोटी असे पूर्ण आकडे, आणि शेजारी मराठीत ओळ: एक घर वर म्हणजे दहापट. काल तिचा परत फोन आला, आठवड्याच्या ग्राफमध्ये ऑनलाइनची रेघ एके ठिकाणी तुटलीय म्हणून. पंचगंगेला पाणी आलं तेव्हा आठवडाभर एकही पार्सल गेलं नव्हतं, म्हणजे विक्री शून्य. तिथे अक्षाखाली लाल ठिपका टाकून ‘पूर, पार्सल बंद’ असं लिहून दिलं. ऑनलाइनचं तिने बंद केलेलं नाही. पुड्या बांधायला गल्लीतल्या एका काकूंना अर्धा दिवस बोलावलंय.